चंद्र पडला, पण नोंद नाही

च्युबॅका 1999 साली वारला. आर. ए. साल्वातोर यांच्या ‘व्हेक्टर प्राइम’ या कादंबरीत एका ग्रहावर त्याचाच चंद्र कोसळला आणि तो साडेसात फुटी, केसाळ, इमानी गडी खाली सापडला. ‘स्टार वॉर्स’च्या भक्तांनी सुतक पाळलं. मग 25 एप्रिल 2014 रोजी लुकासफिल्मने एक निवेदन काढलं आणि च्युबॅका उठून बसला. ना औषध, ना चमत्कार. चंद्र पडलाच नव्हता, असं ठरलं.

झालं होतं असं, की 2012मध्ये डिस्नीने चार अब्ज डॉलरच्या वर मोजून लुकासफिल्म विकत घेतली. खरेदीखत हाती पडलं की नवा मालक आधी सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्कां’तली नावं उडवायला बघतो, आकाशगंगेच्या सातबाऱ्याचंही तेच झालं. सहा चित्रपट आणि ‘द क्लोन वॉर्स’ ही मालिका, एवढंच घडलं. बाकी कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स यांची रवानगी ‘लेजंड्स’मध्ये. पुस्तकं दुकानातून उठली असतील असं समजू नका. वर ‘लेजंड्स’ची पट्टी मारून ती पुन्हा छापली गेली. घडलं नसलं म्हणून काय, खपायला हरकत नाही!

जुन्या राजवटीत रामराज्य होतं, असंही नाही. तेव्हा ‘होलोक्रॉन’ नावाच्या डेटाबेसमध्ये सत्याला इयत्ता होत्या. टी म्हणजे टेलिव्हिजन, सी म्हणजे कादंबऱ्या-कॉमिक्स, एस दुय्यम, एन बाद. सगळ्यांच्या वर जी. जी म्हणजे जॉर्ज.

आणि ‘स्टार वॉर्स’चे निर्माते जॉर्ज लुकास यांचं स्वतःचं काय? 1977च्या पहिल्या चित्रपटात मोस आयस्लीच्या गुत्त्यात तस्कर हान सोलो त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला टेबलाखालून उडवतो. 1997च्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि टेबलापलीकडून, हातभर अंतरावरून, त्याचा नेम चुकतो. हानची मान संगणकाने बाजूला सरकवली आहे; नीट पाहिलंत तर माणसाची मान अशी हलत नाही हे कळतं. 2004मध्ये दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकदम सुटल्या. 2019मध्ये ग्रीडो मरण्यापूर्वी ‘मॅक्लंकी’ म्हणू लागला. एकच खून, चार पंचनामे. आमचं मत विचाराल तर पहिली गोळी हानचीच. पण ते मूळ दृश्य डिस्नीच्या ओटीटीवर शोधून दाखवा.

1978चा ‘हॉलिडे स्पेशल’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम लुकास यांना नकोसा झाला होता. तरी त्यातला ‘लाइफ डे’ हा सण ‘द मँडलोरियन’ मालिकेत मागच्या दाराने आला. सम्राट पॅल्पटीनची कहाणी तर थोरच. ‘डार्क एम्पायर’ या कॉमिकमध्ये तो मेल्यावर क्लोनच्या देहातून परतला, ही 2014मध्ये थाप ठरली. 2019च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये तो क्लोनच्याच देहातून परतला आणि हे मात्र सत्य! चित्रपटाच्या सुरुवातीच्या मजकुरात त्याच्या घोषणेचा उल्लेख आहे. घोषणा ऐकायची असेल तर ती फोर्टनाइट गेममध्ये झाली होती. तिकीट काढून थिएटरात बसलेल्यांनी आधी गेम खेळून यायला हवं होतं, चूक त्यांचीच.

टिमथी झान यांच्या 1991च्या ‘एअर टु द एम्पायर’मधून दोन पात्रं जन्मली: निळ्या चेहऱ्याचा, लाल डोळ्यांचा थ्रॉन आणि मारा जेड. 2014मध्ये दोघांचीही नावं एकाच दिवशी कापली गेली. 2016मध्ये ‘रिबेल्स’ मालिकेत थ्रॉनला ग्रँड ॲडमिरलच्या हुद्द्यासह पुन्हा कामावर घेतलं. माराचं मात्र ल्यूक स्कायवॉकरशी ‘युनियन’ या कॉमिकमध्ये रीतसर लग्न लागलं होतं, पुढे बेन नावाचा मुलगाही झाला होता. ते सगळं रद्द. ‘द लास्ट जेडाय’मध्ये ल्यूक बायकोशिवाय आणि पोराशिवाय गेला. बेन हे नाव तेवढं कंपनीने वाया जाऊ दिलं नाही, हान आणि ल्यूकची बहीण लेया यांच्या मुलाला लावलं. मामा कागदोपत्री आहे, मामीची नोंद नाही.