ऑनलाइनवाला

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडवर उतरा आणि तहसीलच्या दिशेने चालू लागा. रसवंती, पंक्चरवाला, मोबाइलचं दुकान ओलांडलं की एक बोर्ड लागतो. त्या बोर्डावर बोट टेकवायला जागा नसते. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, सातबारा, आठ-अ, उत्पन्न, जात, रहिवासी, नॉन क्रिमीलेअर, पीकविमा, रेल्वे रिझर्वेशन, पासपोर्ट फोटो ५ मिनिटांत. आणि खाली उरलेल्या पट्टीत ‘लग्नाचा बायोडाटा बनवून मिळेल’. दुकानाला कसलं तरी मल्टिसर्व्हिसेस असं नाव असतं, पण ते मालकाला स्वतःलाही बिलबुक पाहून सांगावं लागतं. लोक त्याला ऑनलाइनवाला म्हणतात. ‘कुठं चाललाव उन्हाचं?’ ‘ऑनलाइनवाल्याकडं.’ एवढ्यावर दोघांनाही सगळं कळतं.

मी सांगतो आहे तो ऑनलाइनवाला मानवतचा. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा इथल्या वाचकांनी तो खुशाल आपल्या गावचा समजावा, तपशिलात फारसा बदल करावा लागणार नाही. वय पस्तिशीचं. बी.ए. झालेला, एमएस-सीआयटी झालेला, तलाठी भरतीत थोडक्यात हुकलेला. तलाठी झाला असता तर लोक कागदासाठी त्याच्या दारात उभे राहिले असते. आताही राहतात. फक्त पगार नाही आणि शिवी लगेच मिळते.

या माणसाचा सगळा संसार एका लॅपटॉपवर आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या कुणाकडून तो जुना घेतलेला. बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉपही जागच्या जागी जातो. चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची चार बुचं लावून तो उंच केलेला आहे, कारण हवा घ्यायच्या जाळ्या त्याच्या पोटाशी असतात आणि सपाट टेबलावर त्या दबतात. खाली कूलिंग पॅडही होतं. ते लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालायचं आणि त्याला निळे दिवे होते. त्याने लॅपटॉप किती थंड झाला ते सोडा, पण गिऱ्हाइकावर वजन पडायचं. दिवे गेल्यावर ते काढून टाकलं.

दुकानात टेबलफॅन एकच, आणि त्याचं तोंड लॅपटॉपकडे. मे महिन्यात बाहेरून भाजून आलेल्या माणसाच्या हे दोन मिनिटांत ध्यानात येतं. मग बाकावरची माणसं तीळतीळ करत उजवीकडे सरकू लागतात. शेवटचा टोपीवाला काउंटरला रेलून पंख्यासमोर मान आणतो.

“काका, वारं आडवू नका.”

“आरं, मला बी ऊन लागलंयच की.”

“तुमी बंद पडत नाहीत काका. ह्ये पडतंय.”

काकांना हे पटतं. माणसापेक्षा यंत्राची तब्येत नाजूक असते हे मोटर जळालेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

लॅपटॉपबरोबर एक पुस्तिका येते, ती कुणी वाचत नाही. याने वाचली आहे. बहुतेक कंपन्या तिच्यात सांगतात की भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३च्या खाली थांबला तर लोक पावसाची चौकशी करू लागतात. म्हणजे पुस्तिका प्रमाण मानली तर मार्च सरल्यापासून मृग लागेपर्यंत दुपारी लॅपटॉप उघडणं हाच गुन्हा. काही कंपन्या खालची मर्यादाही देतात, १० अंशांची. तीही इथे मोडते, कारण डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पहाटेचा आकडा त्याच्याही खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. पुस्तिका बहुधा जर्मनीचं हवामान डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली असावी, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे कंपनीला कुणी कळवलेलं नसावं.

दुपारी एक वाजला की लॅपटॉपचा पंखा रडायला लागतो. स्क्रीनवर गोल फिरू लागतं. या क्षणी ऑनलाइनवाल्याचा चेहरा पाहावा. तो माउसवरून हात काढतो, खुर्चीत मागे रेलतो आणि छताकडे बघून म्हणतो, “वरूनच डाऊन हाय सर्व्हर.” बाकावरची सगळी माणसंही छताकडे बघतात. तिथे पत्रा असतो. राग क्षणात मानवतहून निघून मुंबईला जातो. “मंत्रालयात बी ऊन असंल,” असं म्हणत एखादा माणूस सरकारला माफसुद्धा करून टाकतो.

आता सर्व्हर खरोखर डाऊन नसतोच असं नाही. पुष्कळदा असतो. पण किती वेळा तो मुंबईत पडला आणि किती वेळा काउंटरवर, याचा हिशेब एकट्या ऑनलाइनवाल्याकडे आहे आणि तो कुणाला देत नाही. लॅपटॉप तापलाय म्हणावं तर लोक समोरच्या दुकानात जातील. सर्व्हर डाऊन म्हटलं तर समोरचाही डाऊनच असणार, म्हणून बसून राहतात.

मंडळी पांगल्यावर मात्र तो खरं सांगतो, आणि मराठीत इतकं स्वच्छ सांगताना मी कुणा इंजिनिअरला ऐकलेलं नाही. “आत चिपला हद्द आखून दिलेली असती, शंभर डिग्रीच्या आसपास. तिथवर गेली की ती स्वतःच पाय आखडता घेती. अडीच गिगाहर्ट्झवर पळणारी आठशे मेगाहर्ट्झवर येती. तरी गार नाही झाली तर सरळ बंद. जळून मरण्यापेक्षा निजलेलं बरं. आणि पंखा काय बर्फ आणतो का? बाहेर ४३ असल्यावर तो ४३चंच वारं आत ढकलणार.”

“म्हणजे बिघाड नाही?”

“कसला बिघाड? दुपारी बारा ते चार आपल्या बाजारात कुत्रं हिंडत नाही. समदी शटर खाली ओढून, उपरणं तोंडावर घेऊन पडलेली. तेव्हा कुणी म्हणतं का, मानवत हँग झालं म्हणून?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपन्यांकडेही नसावं. वीस वर्षांपूर्वी वेगाची शर्यत ऐन भरात असताना इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणू म्हणून जाहीर केलं होतं. वेग वाढवावा तर उष्णता आवरेना. २००४च्या ऑक्टोबरात तो बेत सोडून द्यावा लागला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गमतीने का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. तेव्हापासून एकच चिप बेफाम पळवण्याऐवजी आत दोन, चार, आठ कामकरी बसवून बेताने चालवायची रीत पडली. ऑनलाइनवाल्याला मी ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ हसला. “सर्व्हर डाऊन म्हणायचं की त्यांनी,” म्हणाला.

या तापण्यात मानवतचा स्वतःचा वाटा आहे. हे कापसाचं गाव. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की रस्त्याच्या कडेच्या बाभळींनासुद्धा कापूस लागतो. ट्रॉल्या जातात, त्यांच्यातून पांढरे तंतू सुटतात आणि दुकानात येतात. लॅपटॉपचा पंखा ते इमानेइतबारे आत ओढतो. चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून एका बारीक पात्यांच्या जाळीकडे जाते आणि पंखा त्या जाळीतून वारा काढतो. पात्यांमधली फट केसाएवढी, तीत कापूस बसला की वारा जायला वाट नाही. थंडीत हे कळत नाही. होळी झाली की कळतं.

म्हणून होळीनंतरच्या एखाद्या रविवारी दुकान अर्धं बंद ठेवून लॅपटॉप उघडायचा सोहळा होतो. वर्तमानपत्र अंथरलेलं, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडलेले. पंखा निघतो आणि जाळीच्या तोंडाशी पांढरा, मऊ, दाबून बसलेला थर दिसतो. धुनकून घेतला तर दिवाबत्तीच्या वाती व्हाव्यात. सरकी तेवढी निघत नाही. ब्लोअर मारताना तो पंख्याच्या पात्यात काडी अडकवून ठेवतो, कारण ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग जाते. बघायला जमलेल्या पोरांना तो हे दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी त्यातला एखादा घरी जाऊन काडी न लावता ब्लोअर मारतो. मग तो याचं गिऱ्हाईक होतो.

त्यानंतर पेस्ट. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये करड्या रंगाचा एक लेप असतो, उष्णता इकडून तिकडे नेणारा. काही वर्षांत तो वाळून त्याचे पापुद्रे होतात. “नवी पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी टाकायची. जास्ती टाकली तर जास्ती गार होईल असं काही नसतं.” शिकाऊ काळात त्याने तिथे टूथपेस्ट लावून पाहिली होती. तीही काम करते, ती वाळेपर्यंत. लॅपटॉप थोडे दिवस खरंच गार राहिला आणि दुकानात पुदिन्याचा वास दरवळत राहिला. मग ती वाळली आणि आधीपेक्षा वाईट हाल झाले.

विद्यापीठावर त्याचा एक कायमचा रुसवा आहे. १९७२पासून परभणीत एवढं मोठं कृषी विद्यापीठ. त्यांनी केवड्याला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी काढली, रब्बीला ‘परभणी मोती’ ज्वारी दिली. “मग उन्हाला दाद न देणारा एखादा लॅपटॉप काढायला काय झालं?” संगणक हा विषय त्यांचा नाही, असं मी म्हणालो. “विषय कुणाचाच नसतो बगा,” तो म्हणाला, आणि अर्जदाराचा फोटो २० केबीत बसवू लागला.

जे विद्यापीठाने केलं नाही ते त्याने स्वतः केलं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये खोलवर एक जागा असते, तिथे प्रोसेसर जास्तीत जास्त किती टक्के चालवायचा ते लिहिता येतं. मूळचे १०० असतात. त्याने ९९ केले. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत एवढ्याने टर्बो बंद होतो, म्हणजे चिप उगाच उसळी मारून तापायची थांबते आणि दिवसभर एका चालीने चालत राहते. एक टक्का सोडायचा आणि बराचसा ताप वाचवायचा. याखेरीज कुठल्याही व्यवहारात त्याने एक टक्का सोडलेला मला माहीत नाही.

तरी काही दुखणी सेटिंगने जात नाहीत. ओटीपी घ्या. आजीचा मोबाइल नातवाकडे, नातू शेतात. फोन लागतो, नातू आकडे ओरडून सांगतो, हा टाइप करतो, आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉप पाय आखडता घेतो. गोल फिरून थांबेपर्यंत ओटीपी मेलेला. पुन्हा फोन. आता नातवाने फोन बांधावर ठेवून बैल सोडलेले असतात.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा महिना म्हणजे २०२४चा जुलै. १ तारखेला लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, त्याच महिन्यात एक रुपयाचा पीकविमा. विम्याच्या अर्जामागे शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा आणि सेवा केंद्राला ४० रुपये विमा कंपनीने द्यायचे, असा तेव्हाचा सरकारी हिशेब. बाकावरची माणसं रस्त्यावर गेली. आणि जुलै म्हणजे ऊन गेलेलं पण दमटपणा आलेला. कोरड्या मे महिन्यात वाळ्याचा कूलर जीव टाकून काम करतो. हवेतच ओल आल्यावर तो नुसतं चिकट वारं फेकतो. त्यात दुकानात पंचवीस बहिणी आणि त्यांची पोरं. लॅपटॉप सकाळी दहालाच आठशेवर आला.

तेव्हा याने दुकान रात्री चालवायचं ठरवलं. वायर ओढून लॅपटॉप गच्चीवर नेला. वर हवा होती, मोबाइलला रेंज होती, आणि सगळा महाराष्ट्र झोपल्यावर सर्व्हरही मोकळा. बायका पहाटे चारला धारा काढायच्या आधी येऊ लागल्या. चिप थंड, सर्व्हर रिकामा, अर्ज सरासर जाऊ लागले. शेजाऱ्यांनी मात्र चौकशी सुरू केली की रोज पहाटे एवढ्या बायका याच्या गच्चीवर कशासाठी चढतात. त्याच्या बायकोने मग जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून आधार कार्ड तपासायचं काम स्वतःकडे घेतलं.

हल्ली त्याला दुखऱ्या लॅपटॉपांचीही गिऱ्हाइकी आहे. परवा एक गुरुजी आपला घेऊन आले. लॅपटॉप नवा, वहीसारखा पातळ, पण स्वयंपाकघरातल्या तव्यासारखा तापलेला. याने विचारलं, “कुठं ठेवून वापरता गुरुजी?”

“गादीवर. आडवं पडून.”

“खाली काय?”

“गोधडी.”

त्याने लॅपटॉप उलटा करून गुरुजींना पोटावरच्या जाळ्या दाखवल्या आणि गोधडी म्हणजे नाकावर उशी दाबल्यासारखं आहे, हे विस्ताराने सांगितलं. पातळ लॅपटॉपात जाळीला जागाच कमी, म्हणून तो लवकर तापतो, हेही सांगितलं. ब्राउझरमध्ये सत्तावीस खिडक्या उघड्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा गुरुजींच्या परवानगीने बंद केल्या, दोन-तीन न विचारताच बंद केल्या. मग जाळ्यांवर ब्लोअर मारला, ९९ची युक्ती केली आणि बाटलीची चार बुचं वर फुकट दिली. पंखा शांत झाला. गुरुजींनी तीनदा हात लावून पाहिला.

“किती झाले?”

“तीनशे द्या.”

गुरुजींनी पैसे मोजून दिले आणि हिशेबी माणूस म्हणून विचारलं, “पावती मिळेल का?”

ऑनलाइनवाल्याने नोटा गल्ल्यात टाकल्या, खुर्चीत मागे रेलला आणि छताकडे पाहिलं.

“सर्व्हर डाऊन हाय गुरुजी.”