अनलॉक्ड भाऊ

भंडाऱ्यात कॉम्प्युटर घ्यायचा तर पैसे नंतर जमवले तरी चालतात, आधी भाऊला गाठावं लागतं. असा एकेक भाऊ तुमसर, साकोली, पवनीतही सापडतो. वय पंचविशीच्या आसपास, बसणं एखाद्या ऑनलाइन सेंटरात, तोंडी मॉडेल नंबर.

"बजेट किती हाय?" हा पहिला प्रश्न. तुम्ही कितीही सांगा, चेहरा हुंड्याचा आकडा ऐकणाऱ्या वरमामाचाच.

"पंचवीस हजार."

"जमते ना जी. पन..."

या 'पन'ची किंमत पाच हजार. इंटेलचा आय-थ्री १२१००एफ स्वस्त आणि चपळ. चार कोअर, आठ थ्रेड. पन कुलूपबंद! इंटेलमध्ये नावात 'के' असला तरच वेग वाढवता येतो, आणि 'के' आला की मागोमाग झेड मालिकेचा महाग बोर्ड. मग रायझन ५ ५६०० घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, कुलूप नाही. पन त्याला ए५२० बोर्ड लावला तर मुसळ केरात, ओव्हरक्लॉकिंगला बी५५० पाहिजे. सगळं जुळवून झाल्यावर भाऊ हळूच सांगतो की या ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घेईस्तोवर स्क्रीन काळीच.

ऐकणारे असतात राइस मिलचे मुनीमजी. त्यांचं मल्टिटास्किंग म्हणजे टॅलीत धानाचा हिशेब, शेजारी व्हॉट्सअॅप आणि कोपऱ्यात मॅच. या कामाला साधा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुष्कळ. भाऊलाही हे ठाऊक आहे. पण रॅम काय, कुणीही सांगेल.

१९९८ सालची ३०० मेगाहर्ट्‌झची सेलेरॉन ३००ए पोरं ४५०वर पळवायची, हे भाऊ डोळ्यांदेखत पाहिल्यासारखं सांगतो. तेव्हा त्याचा जन्म व्हायचा होता. आता कंपन्याच चिपला जवळजवळ पुरती पळवून विकतात, हाताने ताणून मिळतं ते थोडंसंच. वर उष्णतेचा हिशेब असा वाईट की वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. पंखा कितीही भारी लावा, चिप खोलीपेक्षा थंड होत नाही, आणि मे महिन्यात आपली खोलीच चाळिशीला टेकलेली. एकाने सीपीयूचा डबाच वाळ्याच्या कूलरसमोर ठेवला. दोन दिवसांत आतले स्क्रू गंजायला लागले.

"मग ओव्हरक्लॉक कवा करायचं?"

"थंडीत करू ना जी. थांबून जा."

थंडीपर्यंत थांबलं की नवं मॉडेल येतं, आणि 'पन' पुन्हा पहिल्यापासून. आपले भाऊमहाशय मात्र सेंटरातल्या कोअर टू डुओवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. दुसरा टॅब उघडला की ते यंत्र इतका वेळ घेतं, की रांगेतला माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन येतो. डब्याचा पत्रा कायम उघडा. 'हवा लागावी म्हणून'.

शेवटी मुनीमजी कंटाळले. नागपूरच्या सीताबर्डीहून कुठल्याशा ऑफिसातला वापरलेला डेस्कटॉप बारा हजारांत उचलून आणला. टॅली चालते, मॅच दिसते. भाऊ बातमी ऐकून मिलवर आला, डब्याभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून हात लावून पाहिला.

"कुलूपबंद हाय," तो म्हणाला. "बायोस कोनता हाय?"

मुनीमजींनी चष्मा वर करून डब्याकडे नीट पाहिलं.

"काळा हाय जी."