लाल दिवा

माझा व्यवसाय शब्दांकनाचा. म्हणजे आत्मचरित्र साहेबांचं, मुखपृष्ठावर फोटो साहेबांचा, अर्पणपत्रिका साहेबांच्या मातोश्रींना, आणि आत कुठंतरी, छपाईच्या तपशिलाखाली, डोळे ताणले तर दिसेल अशा टायपात माझं नाव. या धंद्याला भांडवल फारसं लागत नाही. दुपारी चारचा चहा पाच घरी पिण्याची ताकद, 'अरे वा!' निरनिराळ्या सुरांत म्हणण्याचा सराव आणि खिशात मावणारा एक व्हॉइस रेकॉर्डर, एवढं पुरतं.

'मोबाइलमध्ये असतो की हो रेकॉर्डर,' असं प्रत्येक नव्या घरी ऐकवलं जातं. असतो. पण मोबाइल टीपॉयवर ठेवला की समोरच्याला वाटतं, याचं लक्ष मेसेजकडे आहे. आणि साहेब कालव्याच्या अस्तरीकरणात रंगून गेले असताना नेमकी कुणीतरी बाई मला वैयक्तिक कर्ज देऊ करते. रेकॉर्डरला कुणाचा फोन येत नाही, हा त्याचा पहिला मोठा गुण.

दुसरा गुण त्याच्या कपाळावरचा लाल दिवा. तो लागला की माणूस बदलतो. सरकारी गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. निवृत्त अधिकाऱ्यांच्या नशिबी आता तेवढाच काय तो रंग माझ्याकडून येतो. परवाच्या पुस्तकाचे साहेब पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत दिव्यानं त्यांना हुलकावणीच दिली होती. टीपॉयवरचा तो लाल ठिपका पाहताच त्यांनी पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि 'आम्ही' सुरू केलं. दिवा लागायच्या आधी 'मी' म्हणत होते.

रेकॉर्डर ठेवायचा कुठं, याला शास्त्र आहे. मराठी घरातल्या टीपॉयवर काच असते. काचेवर यंत्र थेट ठेवलं, तर साहेबांचं चरित्र मागं पडतं आणि कपबशीचं पुढं येतं. म्हणून खाली चौपदरी हातरुमाल घालायचा. यंत्राचं तोंड साहेबांकडं, पंख्याकडं नाही. पंखा हा शब्दांकनाचा मुख्य शत्रू. आपल्या कानांना कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं हे कळतं. संसारच त्यावर चालतात. यंत्राला ती अक्कल नसते. उलट बोलणारा थांबला की ते आपणहून आवाजाची पातळी वर चढवतं, आणि साहेब भावनावश होऊन गप्प झाले त्या हृद्य क्षणी पंखा पिठाच्या गिरणीसारखा गरजतो. यावर यंत्रात 'लो-कट' नावाचं बटण असतं, ते खालच्या पट्टीतली घरघर गाळतं. खात्रीचा उपाय मात्र पंखा बंद करणं. पण मे महिन्यात दुसऱ्याच्या घरी जाऊन 'पंखा बंद करता का?' असं विचारण्याचं धैर्य ज्याच्यात आहे, त्यानं शब्दांकन कशाला करावं? त्यानं स्वतःचं आत्मचरित्र लिहावं.

आणखी एक सोय असते : आवाज आला की यंत्र आपोआप सुरू, आवाज थांबला की बंद. ती सुरू दिसली की मी पहिल्यांदा बंद करतो. कारण झोपेतून जागं व्हायला यंत्राला निमिषभर लागतं आणि तेवढ्यात पहिलं अक्षर निसटतं. साहेब म्हणणार, 'त्या टेंडरच्या भानगडीत आम्ही...' मग दीर्घ विराम, खिडकीबाहेर नजर, चहाचा घोट, आणि ठामपणे, 'नव्हतो!' यंत्र नोंदवणार, 'व्हतो!' ग्रामीण बोलीतला असा कबुलीजबाब कुठल्याही चौकशी समितीला पुरेल.

आता निगा. या यंत्राला खायला दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, आणि काम संपलं की ते काढून ठेवायचे. अल्कलाइन सेल फुटला तर आतला क्षार बाहेर येऊन धातूच्या पट्ट्यांवर पांढरी पूड चढते. सेल काढून, कापसाच्या बोळ्यावर किंचित लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसाव्या. क्षाराला आंबट उतारा, शाळेतलं रसायनशास्त्र आयुष्यात उपयोगी पडल्याचं हे माझ्याकडचं एकमेव उदाहरण. मग त्या चांगल्या वाळू द्याव्या. पावसाळ्यात यंत्र झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि सोबत नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पुड्या टाकाव्या, ज्यांवर 'खाऊ नये' असं लिहिलेलं असतं. काही यंत्रांवर मखमली रबराचा थर असतो. आपल्या हवेत तो काही वर्षांनी चिकट होतो, पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. त्या यंत्राला तेवढा लोभ लागला असं समजावं.

सेल फार दिवस बाहेर राहिले की पुष्कळ यंत्रं तारीख विसरतात आणि पुन्हा कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसतात. म्हणजे साहेबांचा जन्म, मुंज, बढती, बदली, बायपास, सगळं १ जानेवारीला. म्हणून बटण दाबलं की मी आधी तारीख, वार, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं बोलतो. ही युक्ती माझी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान पहिल्यांदा ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या. त्या काळी मुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला; तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपताना कलावंत स्वतःचं नाव पुकारत. गौहर जान ते इंग्रजीतून पुकारत. हा किस्सा मी साहेबांना सांगितला. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीच्या शेवटी साहेब आपलं नाव, हुद्दा, शेवटची वेतनश्रेणी आणि 'जय महाराष्ट्र' असं पुकारू लागले.

पहिली बैठक संपली की मी थोडंसं ऐकवून दाखवतो. प्रत्येक जण तेच म्हणतो, 'हा माझा आवाज नाही.' यंत्रात बिघाड नसतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, आणि हाडं खालचे सूर चांगले वाहून नेतात. त्यामुळे जन्मभर आपण स्वतःला भारदस्त समजत असतो. यंत्राला आपली हाडं मिळत नाहीत. ते जगाला ऐकू येणारा आवाज परत करतं. साहेबांनी दोन वाक्यं ऐकली, चष्मा काढला आणि म्हणाले, 'हा आमच्या धाकट्याचा आवाज आहे.' धाकट्या भावाशी त्यांचं जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं. त्या संध्याकाळी ते नंतर फारसं बोलले नाहीत.

ऐकून उतरवणं हा वेगळा छळ. तासाभराचं बोलणं कागदावर यायला चार तास सहज जातात. मागं, पुढं, परत मागं. या कामात जगप्रसिद्ध झालेली एकच व्यक्ती मला माहीत आहे : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सचिव रोझ मेरी वुड्स. २० जून १९७२ च्या एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती घूं घूं निघाली. बाई म्हणाल्या, मी टेप उतरवून घेत होते, फोन वाजला, तो घेताना चुकून भलतं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवर तसाच राहिला. पण माझ्याकडून गेली असतील ती पाचेक मिनिटं. मग त्यांना फोटोसाठी ते करून दाखवावं लागलं : एक पाय पेडलवर, एक हात मागं दूरच्या फोनकडं ताणलेला. ते आसन बघून लोक हसले. मी नाही हसलो. मालकाची मिनिटं सांभाळताना माणसाला काय काय आसनं करावी लागतात हे आम्हालाच ठाऊक. साहेबांनीही एका ठेकेदाराविषयी ओघात बरंच काही बोलून टाकल्यावर मला विचारलं होतं, 'तेवढं पुसता येतं ना?' येतं. हल्ली तर पेडलही लागत नाही.

साहेबांचा ठरलेला प्रश्न मात्र वेगळाच. दर बैठकीच्या शेवटी ते पुढं वाकून विचारत, 'बंद केलंय ना?' मी दिवा विझवायचो, रुमाल झटकायचो, आणि 'आम्ही' गळून 'मी' परत यायचा. मी घाबरलो होतो, मला झोप नव्हती, माझी बदली खरं तर माझ्या मेव्हण्यानं थांबवली होती. पुस्तकाला लागणारा माणूस तेव्हा बोलायचा, आणि तो मला पुस्तकात घेता यायचा नाही. त्याच्यासाठी दिवा चोरून चालू ठेवणारे असतात, पण मग त्यांना दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

राहिल्या काकू. पहिल्या दिवसापासून टेपवर त्या होत्या, पण आतून. साहेब म्हणणार, '१९७२ च्या दुष्काळात आम्ही रात्रंदिवस साइटवर...' आणि स्वयंपाकघरातून, 'दिवसा! रात्री घरी होतात, बाळाला गोवर आला होता.' साहेब म्हणणार, 'मुख्य अभियंत्यांनी आमची पाठ थोपटली,' आतून, 'ती दुसऱ्या वर्षी.' उतरवून काढताना लक्षात आलं की पुस्तकातल्या बहुतेक खऱ्या तारखा आतून आलेल्या आहेत. म्हणून मी रेकॉर्डर रुमालासकट उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. काकू दिव्याकडं बघून म्हणाल्या, 'मी बाई काय सांगणार?' आणि बोलणं बंद.

पण आपल्याकडं म्हणतात ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक पुढं ध्वनिमुद्रितही झाल्या; एवढा साठा दिवाणखान्यात बसून 'सांगा हं आता' म्हणून मिळाला नसता. काकूंच्या हातात मी मेथीची जुडी दिली. निम्मी निवडून होईपर्यंत सासूबाई, सरकारी क्वार्टरमधले साप, साहेबांचा पहिला पगार कुठं गेला, आणि कैरीचं लोणचं असं सगळं येऊन गेलं.

पुस्तक छापून आलं, प्रकाशन झालं, साहेबांनी भाषणात माझा उल्लेख 'यांचंही सहकार्य लाभलं' असा केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन : 'ते सगळं पुसून टाका.' त्याच दुपारी काकूंचा, जरा दबक्या आवाजात : 'पुसू नका हं. सूनबाईला लोणच्याचं प्रमाण हवंय, मी तुमच्या त्या डबीत सांगितलं होतं. मोहरीची डाळ किती म्हणाले होते बघा.'

मी शोधून काढलं. कैऱ्या, मीठ, हळद, मेथ्या, सगळं स्वच्छ. मोहरीपाशी कामवाल्या मावशींनी मिक्सर लावलेला. काकूंचा आकडा त्यात पार बुडाला. मिक्सर थांबला तेव्हा बाहेरच्या खोलीतून साहेबांचा आवाज आला, 'अगं, दीड वाटी कसली? पाऊण!'

मी काकूंना दीड कळवलं.