किमान खरेदी ५९९ रुपये

नेलपॉलिशची बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपलेली मी आजवर कुणाच्याही घरी पाहिलेली नाही. तेल संपतं, साखर संपते, वीस तारखेला पगारही संपतो. नेलपॉलिश मात्र वाळते. आधी ती घट्ट होते, मग तिच्या तारा निघतात, मग झाकण फिरायचं बंद होतं, आणि अखेर ती फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खाचेत जाऊन बसते. यात आपला दोष नाही, रसायनशास्त्राचा आहे. बाटलीत रंग थोडा असतो. इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट अशी उडून जाणारी द्रावकंच जास्त. नखावरून ती उडाली की आपण म्हणतो 'सुकली', बाटलीतून उडाली की म्हणतो 'वाया गेली'.

हे सगळं ठाऊक असणारी बाई एका वेळी किती बाटल्या घेईल? एक. आणि हातात डिस्काउंट कोड असेल तर? तर ते बाई ठरवत नाही, कोड ठरवतो.

कोड ही खास आमच्या थरासाठी केलेली सोय आहे. लोकलच्या लेडीज डब्यात तीस रुपयांना बाटली मिळते, तिला कोड लागत नाही. मॉलमधल्या काचेच्या काउंटरवर परदेशी बाटली हजारच्या पुढे असते, ती घेणारीला कोड शोधायची गरज नसते. राहिली ती दोनशे ते चारशेच्या मधली नेलपॉलिश आणि ती घेणाऱ्या आम्ही. तीस रुपयांची लावली तर भिशीतल्या बायका काय म्हणतील, आणि हजाराची लावली तर आपल्यालाच रात्री झोप लागेल का, अशा दुहेरी धाकात आमचं आयुष्य जातं. तीनशे रुपये मोठे नाहीत, पण नखांवर उडवायला ते मोठेच वाटतात. तिथे कोड येतो आणि कानात सांगतो, "उडवत कुठे आहेस? वाचवते आहेस!"

डोंबिवली फास्टमध्ये हा प्रश्नच नव्हता. विक्रेती ट्रे घेऊन गर्दीतून कशी सरकते हे तिलाच माहीत, पण सरकते. ट्रेमध्ये पिना, टिकल्या, कानातली आणि नेलपॉलिश. रंग बघायचा तर नखावर लावून बघायचा, ती नाही म्हणत नाही. ठाण्याला अंगठा लाल, मुलुंडला तर्जनी जांभळी, घाटकोपरला मधलं बोट चंदेरी. दादरला उतरेपर्यंत पाच बोटांचे पाच रंग झालेले असतात आणि खरेदी झालेली असते एका क्लिपची. शिवाय सल्ला द्यायला अख्खा डबा असतो. "हा तुला उठून दिसतो गं," असं खिडकीपाशी बसलेली अनोळखी बाई सांगते, आणि तिचं खरं असतं, कारण तिला त्यात कमिशन नसतं.

ॲपवर रंग लावून बघता येत नाही, वाचावा लागतो. आम्ही राणी, अबोली, डाळिंबी, चिंतामणी, गुलबक्षी, आमसुली या रंगांत वाढलेल्या बायका. कुणी 'मोरपंखी' म्हटलं की साडी डोळ्यांसमोर उभी राहते, काठासकट. ॲपवर मात्र रंगाचं नाव असतं 'रविवारची उशिराची न्याहारी' किंवा 'तिला फोन करू नकोस', तेही इंग्रजीत. ही नावं वाचून कुठल्या साडीवर काय जाईल ते सांगा! फोटोतलं बोट ज्या मुलीचं असतं तिने जन्मात कोथिंबीर निवडलेली नसते. माझ्या फोनवर जो रंग आमसुली दिसतो तो मुलीच्या फोनवर गुलाबी दिसतो आणि पार्सल उघडल्यावर विटकरी निघतो. तरी मी घेते. कारण रंगापर्यंत माझं लक्ष पोहोचायच्या आधीच ते खालच्या हिरव्या पट्टीवर गेलेलं असतं : 'कोड लावा आणि २० टक्के वाचवा'.

आता गणित बघा. बाटली २४९ रुपयांची, आठ मिलिलिटर. ४९९च्या खाली डिलिव्हरीचे ७० रुपये. म्हणजे एक बाटली घरी येईपर्यंत ३१९ची होते. एवढे पैसे देणं हा मूर्खपणा, म्हणून मी दुसरी घेते. दोनचे झाले ४९८. एका रुपयासाठी फुकट डिलिव्हरी हुकते! २४९ हा आकडा ज्याने काढला त्याच्या हुशारीला मी मनोमन नमस्कार करते आणि तिसरी टाकते. झाले ७४७. आता डिलिव्हरी फुकट आणि कोडही लागू, कारण त्याची अट आहे 'किमान खरेदी ५९९'. वीस टक्क्यांचे होतात १४९ रुपये ४० पैसे, पण बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं 'कमाल सवलत १०० रुपये'. एकूण ६४७. स्क्रीनवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडतात आणि ॲप माझं अभिनंदन करतं. शंभर कोडचे, सत्तर डिलिव्हरीचे, १७० रुपये वाचले. लागत होती एक बाटली, हा मुद्दा त्या कागदाच्या तुकड्यांखाली दिसेनासा होतो.

सवलत कशावर मोजतात, तेही ऐकण्यासारखं आहे. बाटलीवर एमआरपी छापायची हा कायदा आहे, आणि त्याहून जास्त घेता येत नाही हाही कायदा आहे. ती किती छापायची, ते मात्र नेलपॉलिशच्या बाबतीत कंपनीच्या मर्जीवर. तेव्हा आधी स्वतःच आकडा छापायचा, मग स्वतःच त्यावर काट मारायची आणि मग आपल्याला उपकाराखाली ठेवायचं. आमच्या नात्यात एक आत्या अशीच आहेर करायच्या. पाकिटावर पाचशे लिहायच्या, आत तीनशे एक घालायच्या, आणि लक्षात राहायचे ते पाचशेच.

आमच्या घरी या विषयावर शास्त्रीय अंगाने बोलतात ते हे. खोक्यावर हल्ली दर मिलिलिटरचा भावही छापतात, तो ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला. "अगं, एकतीस रुपये मिलि! म्हणजे लिटरला एकतीस हजार!"

"लिटरने कोण घेतं हो?"

"घरातल्या सगळ्या बाटल्या एकत्र केल्या तर भरेल लिटर." मग त्यांनी मला सांगितलं, की नेलपॉलिशमध्ये जे नायट्रोसेल्युलोज असतं त्याच्याच लॅकरने १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारी रंगवायचे, आणि बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतही तेच असतं. "म्हणून तुझी पार्सलं उशिरा येतात. ज्वालाग्राही माल आहे, विमानात असा सहजी घेत नाहीत. ट्रकने येतात बिचारी." त्या दिवसापासून हे 'नखं रंगवतेस का' असं न विचारता 'बॉडीवर्क चाललंय का' असं विचारतात.

कोड मिळवायचा कुठून, हे एक वेगळंच नातेसंबंधांचं प्रकरण आहे. पूर्वी प्रत्येक कुटुंबात एक विमा एजंट असायचा. तो मुंजीला आला की सगळे पुरुष आपापल्या पॉलिसीबद्दल आवाज खाली घेऊन बोलायचे. आता प्रत्येक कुटुंबात एक इन्फ्लुएन्सर असते. आमची भाची आहे. तिच्या नावापुढे १० लावलं की दहा टक्के सूट, आणि त्यातला काही वाटा तिला. "मावशी, माझाच कोड वापर हं!" हा निरोप आता दिवाळीच्या शुभेच्छांच्या आधी येतो. मला वीस टक्क्यांचा कोड ठाऊक असताना मी दहाचा कसा वापरावा? आणि नाही वापरला तर तिला कळतं का? कळत नसावं. पण तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, कळतं. कसं ते विचारू नका. पॉलिसी न घेतलेल्या माणसाकडे तो एजंट ज्या नजरेने बघायचा ती नजर तिने उचलली आहे.

सरकारचंही या सगळ्याकडे लक्ष आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून ऑनलाइन दुकानदारीतल्या १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. मी ती यादी वाचली आणि मला घरच्यासारखं वाटलं. खोटी घाई निर्माण करणे : 'फक्त दोनच शिल्लक!' हे आमच्याकडे लग्नाच्या स्थळांबाबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. न मागितलेली वस्तू गुपचूप सामानात सरकवणे : आमचे हे डी-मार्टमध्ये फरसाणाचं पाकीट ट्रॉलीत कसं ठेवतात ते प्राधिकरणाने येऊन बघावं. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे : "आई, पिकनिकचे दोनशेच आहेत," असं सोमवारी सांगणारी मुलगी शुक्रवारपर्यंत सातशेवर जाते. टुमणं लावणे : याचं उदाहरण देत नाही, घरात मीच तो विभाग सांभाळते.

त्यातली सगळ्यात मोठी युक्ती लाजवून होकार घेण्याची. सूट नको असेल तर बटण दाबायचं, आणि बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायला आवडत नाही'. मराठी बाईचा अंगठा हे बटण दाबूच शकत नाही. पण आमच्या सासूबाई ही विद्या कुठल्याही ॲपशिवाय जाणतात. "घे गं, घे तू नवीन. आमचं काय, आम्ही मेंदीवर जन्म काढला." एवढं बोलून त्या वाती वळायला लागतात. सरकारी तत्त्वं घरगुती वापराला लागू नाहीत, मी नीट तपासलं आहे.

आणि बचतीचं हे वेड काही आजचं नाही. आपल्याकडचं सौंदर्यप्रसाधनच मुळी बचतीतून जन्माला आलं. परदेशी पावडर-लिपस्टिकवर देशाचं परकीय चलन जातंय ही पंडित नेहरूंची काळजी, आणि त्यातून टाटांनी १९५२ साली 'लॅक्मे' काढली, असं सांगतात. म्हणजे देशी नेलपॉलिश लावणारी बाई नटत नव्हती, ती डॉलर वाचवत होती. आम्ही तीच परंपरा चालवतोय, फक्त आता रुपये वाचवतो. आम्हाला निव्वळ हौस म्हणून काही विकत घेताच येत नाही. आम्ही बचत विकत घेतो. नेलपॉलिश तिच्यावर फुकट मिळते.

तरीही परवा मी कार्ट भरून ठेवली आणि पैसे भरले नाहीत. अगदी शेवटच्या पानावर नऊ रुपयांची प्लॅटफॉर्म फी उगवली, तेव्हा माझं माहेर जागं झालं. तुळशीबागेत माझ्या आईचा एक नियम होता : भाव सांगायचा, तो नाही म्हणाला की पिशवी उचलायची, चालू लागायचं आणि मागे वळून बघायचं नाही. चौथ्या पावलाला हाक येतेच, "ओ ताई, या इकडे, किती देताय बोला!" मी ॲप बंद केलं आणि भाजी फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी हाक आली. 'तुम्ही काहीतरी विसरलात!' मी वळून पाहिलं नाही. संध्याकाळी पुन्हा आली, 'तुमची कार्ट वाट बघतेय', सोबत डोळ्यांत पाणी आणलेलं एक चित्र. मी ढिम्म. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार रस्त्यावर आला : 'फक्त तुमच्यासाठी २५ टक्के, प्लॅटफॉर्म फी माफ, कमाल मर्यादा नाही'. आईची आठवण येऊन मला भरून आलं. अट एकच होती, किमान खरेदी ७९९. मग चौथी बाटली घ्यावीच लागली. चारचे ९९६, त्यातून २५ टक्के गेले, उरले ७४७. म्हणजे तीनच्या किमतीत चार! पुन्हा कागदाचे तुकडे उडाले.

विजयाची बातमी मी लगेच ह्यांना दिली. एक बाटली फुकट म्हणजे २४९ वाचले, डिलिव्हरीचे ७०, एकूण ३१९ रुपयांची बचत. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "स्टेशनबाहेरच्या कॉस्मेटिक्सवाल्याकडे हीच बाटली २२५ला मिळते. कोडबिड काही नाही. नखाला लावून बघू देतो. उद्या येताना एक आणू का? चोवीस रुपये वाचतील."

माणूस चांगला आहे, पण व्यवहार कळत नाही. मी त्यांना शांतपणे समजावलं, "चोवीस रुपये! अहो, चोवीस रुपयांत हल्ली येतं काय?"