भागीदार साहेब, आमची दरी बुजवल्याबद्दल आभारी आहोत

श्रीमान दानशूर, विद्यार्थिवत्सल, करारप्रिय भागीदार साहेब,
सामाजिक उत्तरदायित्व विभाग, मुंबई,
यांचे सेवेशी.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीतील शिक्षणप्रेमी सदस्याचा कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल फिरत फिरत आमच्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर येऊन पोचला. त्यात एक अख्खे पान आमच्या शाळेचे आहे. ‘शैक्षणिक दरी बुजवण्यासाठी समुदायाशी भागीदारी’ असा मथळा आहे. समुदाय म्हणजे आम्हीच, हे कळल्यावर गावाला फार आनंद झाला. ही भागीदारी नेमकी कधी झाली हे पारावर कोणालाच आठवेना. पण छापून आले आहे म्हणजे झाली असणार. तेव्हा उशिरा का होईना, आभार मानणे आमचे कर्तव्य आहे.

सर्वप्रथम, दप्तरवाटपाच्या कार्यक्रमासाठी आपण फेब्रुवारी महिना निवडलात याबद्दल आभार. आमचा बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही, त्यांची लेकरंही सोबत जातात. त्यामुळे फेब्रुवारीत आमच्या शाळेत कशी छान शांतता असते! पाहुण्यांच्या भाषणात व्यत्यय येऊ नये म्हणून एवढा विचार कोण करतो हो आजकाल?

फोटोला मुले कमी पडली, तेव्हा आपल्या माणसांनी डोके चालवून अंगणवाडीतली पिल्ले आणून पुढच्या रांगेत बसवली. कंपनीची दप्तरे त्यांच्या पाठीला अडकवली. मागून पाहिले तर दप्तराखाली नुसते पाय दिसत होते. ती लेकरं अजून शाळेच्या पटावर नव्हती, पण आपल्या लाभार्थ्यांत आली. पहिलीत नाव घालण्याआधीच दरी बुजलेली मुले देशात दुसरीकडे कुठे सापडतील असे वाटत नाही.

दप्तरांवरून आठवले. प्रत्येक दप्तरावर आपले बोधचिन्ह तळहातापेक्षा मोठे आहे आणि मुलाचे नाव लिहायला जागा नाही. आमच्यातले काही कुजके लोक त्याला जाहिरात म्हणतात. मी त्यांना ठणकावले. म्हटले, आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरता येत नाही, असे २०२१ पासून नियमातच लिहिले आहे. मग एवढी मोठी कंपनी नियम मोडेल का? ते निव्वळ वात्सल्य आहे. आई नाही का लेकराच्या गालावर तीट लावत?

शाळेची भिंत आपण आगगाडीच्या डब्यासारखी रंगवून दिलीत, तिचेही कौतुक करावे तेवढे थोडे. बीड शहराला खरी रेल्वे मिळायला २०२५ साल उजाडावे लागले. सरकारला जे कित्येक वर्षे जमले नाही ते आपण दोन रंगाऱ्यांकडून चार दिवसांत करून दाखवलेत. खिडकीच्या जागी खिडकी, दाराच्या जागी दार. आत पाऊस गळतो, पण डबा म्हटल्यावर तेवढे चालायचेच.

आपण दिलेला मोठ्या पडद्याचा स्मार्ट टीव्ही तर आमच्या शाळेचा मानबिंदू ठरला आहे. त्यावरचे प्लास्टिक आम्ही अजून काढलेले नाही. चोरी झाली तर भरून द्यावे लागेल असे करारात असल्याने मुख्याध्यापकांनी तो कपाटाच्या खोलीत ठेवून कुलूप लावले आहे. शिवाय शाळेची वीज थकबाकीपोटी तोडलेली आहे. बिलासाठी आपल्याकडे विचारणा केली, तेव्हा ‘आवर्ती खर्च आमच्या धोरणात बसत नाही’ असे अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले. ते उत्तरही आम्ही त्याच खोलीत जपून ठेवले आहे.

आता मुख्य आभाराकडे वळतो. मुलांची प्रगती मोजण्यासाठी आपण दोन चाचण्या घेतल्यात. पहिली सप्टेंबरात, दुसरी फेब्रुवारीत. पहिलीत निम्म्या लेकरांना धड वाक्य वाचता आले नाही. दुसरीत मात्र बहुतेकांनी घडाघडा वाचले. अहवालातला तो वर चढत गेलेला हिरवा खांब पाहून माझा ऊर भरून आला. मग मी दोन्ही वेळची हजेरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सप्टेंबरात जी लेकरं मागे होती, त्यातली बहुतेक फेब्रुवारीत उसाच्या फडात पाचट ओढत होती. मागे पडलेली मुलेच वजा केली की वर्गाची सरासरी आपोआप वर जाते. एक अक्षर न शिकवता दरी बुजवण्याची ही युक्ती आपण जगापुढे ठेवलीत, याबद्दल शिक्षणशास्त्र आपले ऋणी राहील.

देशभरच्या इतर लोकांना अजून ही युक्ती समजलेली दिसत नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीला असलेल्या मुलांपैकी ४४.८ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ते पाहणीवाले बिचारे घरोघर जाऊन मुले तपासतात. शाळेत येईल त्यालाच तपासावे एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही.

साहेब, आपण फार मोठ्या मनाचे आहात, म्हणून एक चूक पोटात घालावी. गावातली डी.एड. झालेली एक मुलगी पहिल्या वर्षी आपल्याच पैशातून ‘समुदाय स्वयंसेविका’ म्हणून नेमली होती. संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ती मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसायची. चिंचोक्यांनी बेरीज शिकवायची. कोणाचे लेकरू आले नाही तर त्याच्या आजीच्या दारात जाऊन उभी राहायची. तिसरीतल्या एका पोराने किराणा दुकानावरची पाटी अडखळत, पण पुरती वाचली, त्या दिवशी दुकानदाराने त्याला गोळ्या फुकट दिल्या. दुसऱ्या वर्षी आपण तिचे मानधन बंद केलेत. कारण पगारातून मालमत्ता उभी राहत नाही आणि मुलीवर फीत बांधून ती कापता येत नाही. आम्ही अडाणी लोक त्या मुलीलाच भागीदारी समजून बसलो होतो. क्षमा असावी.

तशी ही कल्पना आमची नव्हे, आपल्याच मुंबईची आहे. तिथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ने वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसोबत बसवले. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला हा उपक्रम अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. मुले खरोखर पुढे गेली होती. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ती वाढ बरीचशी ओसरली, हेही त्यांनी लपवले नाही. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. स्मार्ट टीव्हीचे प्लास्टिक न काढताही नोबेलपर्यंत जाता येते, हे आपल्या नजरेस आणून देण्याचे धाडस करतो.

आणि मुंबईच्याही आधी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढल्या होत्या. आदिवासी मुले गुरे राखायला जात म्हणून शाळाच कुरणात नेली. त्यांच्याकडे ना अहवाल लिहिणारी संस्था, ना ड्रोन कॅमेरा. मूल जिथे आहे तिथे जावे एवढेच त्यांना माहीत. आपल्यासारखा मार्गदर्शक मिळाला असता तर त्यांनीही कुरणात न जाता गोठ्याची भिंत रंगवली असती.

आपल्या अहवालात ‘जोखमीतील युवा’ असाही एक रकाना आहे. आमच्या सातवी-आठवीच्या मुलींसाठी आपण एका दुपारी जीवनकौशल्यांची कार्यशाळा घेतलीत. स्वप्ने मोठी पाहा, असे ताईंनी मुंबईहून येऊन सांगितले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. त्यामुळे आईबाप फडावर जाणार, पोर घरी एकटी राहणार, त्यापेक्षा लग्न लावून दिलेले बरे, असा इथला हिशेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडमध्ये ४३.७ टक्के. कार्यशाळेच्या ग्रुप फोटोत उजवीकडून दुसरी उभी असलेली मुलगी यंदा सासरी आहे. आपल्या तक्त्यात ती ‘सक्षम’ या रकान्यात आहे. कृपया तिथेच राहू द्यावी. कुठेतरी ती सक्षम आहे एवढेच समाधान.

करारावर सही घ्यायला आपले अधिकारी आले होते, तो प्रसंगही मोठा हृद्य झाला. शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा आईबापांना दिल्या आहेत. आमच्या अध्यक्ष ऊसतोड करणाऱ्या बाई आहेत. करार इंग्रजीत होता आणि साहेबांना पुढच्या शाळेवर जायची घाई होती. बाईंनी सही केली आणि पेन परत देताना विचारले, “सायब, आमी कारखान्याला गेल्यावर लेकरांचं काय?” साहेब म्हणाले, “खूप छान प्रश्न आहे.” प्रश्नाची एवढी कदर झालेली आम्ही प्रथमच पाहिली. उत्तराचा आग्रह धरून त्या क्षणाची शोभा कोण घालवणार?

पण तो प्रश्न अजून गावात आहे, म्हणून हे पत्र. याला सरकारदरबारी एक उत्तर आहे, हंगामी वसतिगृह. आईबाप फडावर गेले तरी लेकरू गावात आजी-आजोबांकडे राहते, शाळेत शिकते आणि दोन्ही वेळचे जेवण त्याला मिळते. आमच्याकडे मंजुरी आणि पैसा येता येता हंगामाचे पहिले आठवडे निघून जातात. तोवर आईने ट्रॅक्टरमध्ये भांड्यांसोबत लेकरूही चढवलेले असते. एकदा ते गेले की पाडव्यापर्यंत परत येत नाही. आलेच तर विसरून आलेले असते.

आपल्याला ३१ मार्चच्या आत पैसे संपवायची निकड असते, हे आम्ही जाणतो. पण साहेब, वाईट वाटून घेऊ नका, कायदा आम्हीही वाचला. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम आपण खर्च करायची आहे. त्यात ‘चालू प्रकल्प’ अशीही सोय आहे. काम सुरू झाले ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षे ते चालवता येते, उरलेला पैसा त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येतो. म्हणजे एका मुलीचे मानधन तीन-चार हंगाम चालू ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी फितीची आहे.

म्हणून हात जोडून एवढेच मागणे. यंदा रंग नको, टीव्ही नको, दप्तर तर नकोच, आधीच्या दप्तरांचे बंद तुटले असले तरी नको. दिवाळीपासून वसतिगृहाचा सरकारी पैसा हातात पडेपर्यंतचा धान्य-किराणा द्या. स्वयंपाकाला आणि घरी कोणी नसलेल्या लेकरांजवळ रात्री झोपायला गावातल्या दोन बायका ठेवू, त्यांचा पगार द्या. ओट्यावरच्या त्या मुलीला परत बोलवा आणि तीन वर्षे हलवू नका. जी लेकरं तरीही फडावर जातील, त्यांचे शिक्षण हमी कार्ड घेऊन कारखान्याजवळच्या शाळेपर्यंत जाणारा एक माणूस द्या. चाचणी सप्टेंबरात घ्या आणि पुढची जूनमध्ये घ्या, सगळी लेकरं घरी असताना. हिरवा खांब कदाचित खाली येईल. तो खाली आलेला आम्हाला चालेल, आपल्या संचालक मंडळालाही चालावा.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी अशा कंपनीत असाल, तर साहेबांच्या टेबलावर हे पत्र ठेवताना एवढे विचारा, की आपण ज्या शाळेचे भागीदार आहोत, तिच्या समितीच्या अध्यक्षांचे नाव काय? तिला आपण काय विचारले? आणि ती काय म्हणाली?

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. उत्तर त्याच्या आत कळवावे. कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शिक्षणप्रेमी सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती

ता.क. उत्तर मराठीत पाठवावे. अध्यक्षबाई चौथी शिकलेल्या आहेत आणि या वेळी सही करण्याआधी त्या स्वतः वाचणार आहेत.