सर्व मापांचा फेटा

थीम पार्क म्हणजे एका कल्पनेभोवती रचलेले, तिकीट काढून आत शिरण्याचे आणि खिसा हलका करून बाहेर पडण्याचे नगर, अशी या संस्थेची ढोबळ व्याख्या करता येते. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हापासून अशा नगरांचे दोन दंडक ठरून गेले आहेत : पहिला, उद्यान कधीही पुरे होत नाही, त्याचा विस्तार अखंड चालू असतो, आणि दुसरा, रस्त्याने चालता चालता पाहुण्याला एखादे वेषधारी पात्र अवचित भेटले पाहिजे. ‘अवचित’ हा शब्द येथे पारिभाषिक अर्थाने घ्यावयाचा आहे, म्हणजे भेट पाहुण्याला अवचित वाटावी, पात्राला मात्र तिची वेळ, जागा आणि कॅमेरा कोणत्या बाजूला आहे हे आधीपासून ठाऊक असावे. महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले व अभ्यासकांनी आपले लक्ष तेथील पाळण्यांवर खर्च केले. हे शास्त्र जेथे खऱ्या अर्थाने पिकले त्या वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याकडे, म्हणजे पोहरादेवीकडे, कोणी फिरकले नाही.

पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी होय. १५ फेब्रुवारी १७३९ हा ज्यांचा जन्मदिवस मानला जातो त्या संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर येथे असून रामनवमीच्या यात्रेला देशभरच्या तांड्यांवरून, म्हणजे बंजारा वस्त्यांवरून, लोक लोटतात. या भाविकांनी गावाचे उद्यान केलेले नाही आणि त्यांची तशी मागणीही नव्हती; उद्यानपण गावाला चिकटले ते पाहुण्यांमुळे, हे आरंभीच नोंदवणे न्यायाचे ठरेल. येथे नंगाऱ्याच्या आकाराचे चार मजली बंजारा विरासत संग्रहालय उभे आहे. नंगारा म्हणजे तांड्याला एकत्र बोलावणारा आणि होळीच्या लेंगी नाचाला ठेका देणारा नगारा. या वास्तूचे भूमिपूजन ३ डिसेंबर २०१८ रोजी झाले, लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, त्यानंतर दहाव्या दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. या चार तारखांचा परस्परांशी काही संबंध आहे असे सिद्ध करणारा पुरावा उपलब्ध नाही, आणि संबंध नाही असे मानणारा माणूसही उपलब्ध नाही. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने एवढेच म्हणता येईल की, इमारतीला वाद्याचा आकार दिला की आवाज बाहेरून आणावा लागतो, आणि तो आणणारी मंडळी ठरावीक हंगामातच मोकळी असतात.

या मंडळींनाच प्रस्तुत शास्त्रात वेषधारी पात्र म्हणतात. पात्र सहसा आकाशातून येते, म्हणजे हेलिकॉप्टरने येते, आणि वेळेवर येत नाही. म्हणून स्वागताला उभ्या केलेल्या नृत्यपथकातील बाया आरशांच्या कांचळ्या, म्हणजे चोळ्या, घालून उन्हात थांबलेल्या असतात व त्या आरशांवरून परावर्तित झालेला प्रकाश सभामंडपाच्या कापडावर तासभर हलत राहतो. पात्र व्यासपीठावर चढले की त्याला फेटा बांधला जातो, असे वृत्तांतात छापून येते. प्रत्यक्षात तो बांधलेला नसून आधीच शिवलेला असतो. तयार फेटा ही आधुनिक महाराष्ट्राची अस्सल देणगी असून तो टोपीसारखा चढवता येतो, आत पुठ्ठा असतो, आणि तो सर्व मापांचा असल्यामुळे कोणाच्याच डोक्याला बसत नाही : लहान डोक्यावर कानांपर्यंत उतरतो, मोठ्या डोक्यावर तांब्यावरच्या नारळासारखा डुगडुगतो. यानंतर पात्राच्या हातात नंगाऱ्याची टिपरी दिली जाते. पहिला ठोका चाचपडत पडतो, दुसरा कॅमेऱ्यांसाठी पडतो, आणि तिसरा पडण्यापूर्वी टिपरी परत घेतली जाते, कारण पुढचे पात्र रांगेत असते. भाषणाचे पहिले वाक्य गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत असते. ते चिठ्ठीवर लिहिलेले असून टाळ्या पडेपर्यंत टिकते, आणि मग विषय राज्याच्या सर्वांगीण विकासाकडे वळतो.

तौलनिक अभ्यासात येथे एक महत्त्वाचा भेद आढळतो. डिस्नेच्या उद्यानात एका वेळी, एका ठिकाणी एकच मिकी उंदीर दिसावा असा संकेत असल्याचे सांगितले जाते, कारण दोन मिकी एकत्र दिसले तर बालकाची श्रद्धा डळमळेल. पोहरादेवीच्या व्यासपीठावर मात्र एकाच रंगाचे दहा-बारा फेटे एका ओळीत बसतात, प्रत्येक जण आपणच खरा सेवक असल्याचे सांगतो, आणि समोरच्या प्रौढ श्रोत्यांची श्रद्धा यत्किंचितही डळमळत नाही. ती डळमळण्यासाठी मुळात पात्रांवर असावी लागते, आणि येथे ती सेवालाल महाराजांवर असते.

आता विस्ताराकडे वळू. थीम पार्कचा विस्तार नव्या पाळण्यांनी होतो, तर तीर्थक्षेत्राचा ‘विकास आराखड्या’ने होतो. आराखडा म्हणजे जे करावयाचे आहे त्याचे चित्र. परंतु प्रशासकीय व्यवहारात चित्रालाच कार्य समजण्याची पद्धत रूढ असल्याने एका आराखड्याची घोषणा, मान्यता, सुधारित मान्यता, भूमिपूजन आणि आढावा असे पाच स्वतंत्र सोहळे होऊ शकतात, आणि प्रत्येक सोहळ्याला नवे फेटे लागतात. या हिशेबाने पाहता परिसरात सर्वांत नियमित विस्तार पावलेला उद्योग फेटेवाल्याचा असावा.

विस्ताराचा एक अनपेक्षित परिणाम मात्र शास्त्राने नोंदवलाच पाहिजे. संग्रहालयाच्या तेरा दालनांत बंजारा इतिहास पाहून बाहेर पडलेल्या पर्यटकाला अंगणात एखादी खरीखुरी म्हातारी याडी दिसते. याडी म्हणजे आई. तिने फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, घातलेला असतो; कांचळीवर कवड्या आणि नाणी असतात, हातात कोपरापर्यंत बांगड्या असतात, आणि चालताना तिच्या अंगावरून बारीक किणकिण ऐकू येते. ती देवीला भोग द्यायला आलेली असते व हातातल्या परातीतला प्रसाद सांडू नये एवढ्याच विवंचनेत असते. पर्यटक तिला वाटेत अडवून, मोबाइल उंचावून, ‘मावशी, तुम्ही म्युझियमच्याच का?’ असे विचारतो, आणि तिने काही न बोलता वाट काढली की संग्रहालयातील कर्मचारी तुसडे असल्याची तक्रार करतो. व्यासपीठावरच्या वेषाला ओळख समजणे आणि ओळखीला वेष समजणे, ही उद्यानसंस्कृतीची परमावधी होय.

ज्या तांड्यांच्या नावाने हे सारे चालते त्यांचे वेळापत्रक निराळे आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कितीतरी तांडे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात; मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि नवरा-बायकोच्या जोडीला त्या हिशेबात माणसे न म्हणता ‘एक कोयता’ म्हणतात. एकेकाळी मीठ आणि धान्य लादलेल्या बैलांचे तांडे हाकून फौजा पोसणाऱ्या समाजाचे स्थलांतर दालनांत सन्मानाने मांडलेले असताना, चालू स्थलांतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी आणि लेकरे घालून रस्त्याने निघून जाते. त्याला तिकीट नाही, म्हणून प्रेक्षकही नाही.

इतिहासात डोकावले तर वेषधारी पात्रांशी अवचित भेटी या समाजाला नव्या नाहीत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला, त्यांच्या वस्तीवर खाकी वेषातील पात्र हजेरीपट घेऊन अवचित येत असे. तो कायदा १९५२ साली गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. पुढे पुसदजवळच्या गहुली तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या छायाचित्रांत सूट आणि पाइप दिसतो. तांड्याचा माणूस तांड्याचा आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांना मंत्रालयात फेटा घालून नंगारा वाजवावा लागला नाही. तेव्हा तांडा सुटात मंत्रालयात गेला होता. आता मंत्रालय फेट्यात तांड्यावर येते, आणि या दोन प्रवासांतला फरक कोणत्याच दालनात मांडलेला नाही.

वेष आणि अवचित भेट यांचे मूळ शास्त्र महाराष्ट्राला डिस्नेच्या आधी कैक पिढ्या अवगत होते, आणि त्याचा आचार्य होता बहुरूपी, ज्याला रायरंद असेही म्हणतात. तो फौजदार होऊन दारात उभा राही, घरमालकाला चार क्षण घाम फोडी, शेजाऱ्यांना हसवी, आणि मग स्वतःच आपले सोंग उघडे करून पसाभर धान्य मागे. या कलेची नीती तीन कलमांत सांगता येते : सोंग वठवावे, सोंग उतरवावे, आणि काय हवे ते तोंडाने मागावे. थीम पार्कचे पात्र पहिले कलम पाळते आणि तिसऱ्यासाठी तिकीटखिडकी ठेवते. व्यासपीठावरचे पात्र पहिल्यातच अडखळते, दुसरे पाळत नाही, आणि तिसऱ्याला ‘आशीर्वाद’ म्हणते.

परंतु बहुरूप्याच्या या दारोदारच्या वाटेवर आता भीती उभी आहे. दरसाल १ जुलैला वसंतराव नाईकांची जयंती राज्यात कृषिदिन म्हणून साजरी होते; २०१८च्या त्याच तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ते मुले पळवणारे आहेत या अफवेवरून, जमावाने ठार मारले. ती भेट खरोखरच अवचित होती. तिच्यासाठी मंडप नव्हता, आणि अनोळखी पाहुण्याला आधी चार प्रश्न विचारण्याची जुनी रीतही त्या दिवशी कोणाला आठवली नाही. पैसे मोजून अनोळखी पात्राला मिठी मारणारा समाज दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला इतका भितो, ही गोष्ट विनोदाच्या कक्षेबाहेरची आहे. येथे ती केवळ हिशेब पुरा व्हावा म्हणून नोंदवली आहे.

उपाय सुचवल्यावाचून शास्त्रीय विवेचन पूर्ण होत नाही, म्हणून विस्ताराच्या पुढील टप्प्यासाठी चौदाव्या दालनाचा प्रस्ताव येथे मांडण्यात येत आहे. आजवर या गावात एका दिवसापुरते डोक्यावर चढलेले सर्व फेटे पक्षभेद न करता या दालनात खुंट्यांना टांगावेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी असावी, तीत परिधानाची तारीख, डोक्यावर राहिल्याचा काळ मिनिटांत, पडलेल्या ठोक्यांची संख्या आणि दिलेले आश्वासन हे तपशील बाळबोध अक्षरांत लिहावेत. दालनाच्या दाराशी एखादा बहुरूपी पगारी मार्गदर्शक म्हणून नेमावा, म्हणजे सोंग कसे उतरवतात याचे प्रात्यक्षिक पाहुण्यांना रोज मिळेल, आणि त्यालाही दारोदार जिवावर उदार होऊन हिंडावे लागणार नाही. याड्यांना प्रवेश विनामूल्य असावा व त्यांचे छायाचित्र काढणाऱ्याला आधी परात धरायला लावावी. चिठ्ठीवरचा ‘पुनर्भेटीची तारीख’ हा शेवटचा रकाना तेवढा संग्रहालयाने रिकामा ठेवावा. तो निवडणूक आयोग भरतो.