परक्या सरकारचा हात कसा अडवावा? (भोर-वेल्ह्याच्या नव्या शिपायांसाठी)

आधी घाबरणं सोडा. परक्या देशाचं सरकार आपल्या पळालेल्या टीकाकाराच्या मागावर वेल्ह्यापर्यंत येईल, याहून तोरण्यावर ट्रेकर वाट चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण वरून पत्र आलं की प्रशिक्षण होतंच.

परक्या सरकारचा माणूस काळा चष्मा लावून येत नाही. तो फोन करतो आणि गोड बोलतो. ‘आमचा विद्यार्थी पुण्यातून गायब आहे, आई रडतेय. पानशेतकडे कुठे उतरलाय का, जरा बघता?’ तुम्हाला ते बघता येतं. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की होमस्टेवाल्याला २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) भरावा लागतो. पासपोर्ट नंबर, कुठून आला, पुढे कुठे जाणार, सगळं त्यात असतं. ते फोनवर वाचून दाखवलंत की काम झालं, त्यांचं. तेव्हा नाव-नंबर विचारा, स्टेशन डायरीत नोंद घ्या आणि म्हणा, ‘लेखी अर्ज द्या, बघू.’ एरवी याच वाक्याने आपण तक्रारदाराला पिटाळतो. इथे ते सत्कारणी लागेल.

आता अभ्यासाला मार्सेलिस. ८ जुलै १९१० ला इंग्रजांच्या कैदेतल्या सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी टाकली, पोहून धक्का गाठला आणि धावत सुटले. जमीन फ्रान्सची. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरलं, बोटीवरची माणसं मदतीला आली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना परत इंग्रजांच्या स्वाधीन केलं. ना कागद, ना मॅजिस्ट्रेट. ‘ही आमची हद्द आहे’ एवढंच म्हणायचं होतं! आपल्याकडे प्रेत नीरेच्या कुठल्या काठाला लागलं यावरून दोन ठाणी तासभर भांडतात. पुढे हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल दिला: सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण माणूस परत करायला इंग्लंड बांधील नाही. धक्क्यावरची काही मिनिटांची घाई लवादातल्या पाच पंचांनाही निस्तरता आली नाही.

भोरकरांना तर हे कळायला हवंच. १९४८ पर्यंत इथे पंतसचिवांचं संस्थान होतं. हद्द ओलांडली की सरकार बदलतं, हे आजोबांना पाठ होतं.

‘इंटरपोलची रेड नोटीस आहे’ असं कुणी दरडावलं तरी ती म्हणजे अटकेचं वॉरंट नव्हे. प्रत्यार्पणाची मागणी दिल्लीमार्फत येते आणि १९६२ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी होते. वरिष्ठांना कळवा आणि गाडी काढू नका.

‘आपलं सरकार बाहेर असं करतं का?’ असं वर्गात कुणीतरी विचारेलच. निज्जर या खलिस्तानवाद्याच्या हत्येवरून कॅनडाने २०२३ साली तसा आरोप केला, दिल्लीने तो फेटाळला. एवढं सांगून चहाची सुट्टी द्यावी.

शेवटी तक्रारदार, म्हणजे तो पळून आलेला टीकाकार. तो घाबरत येईल. धमक्या त्याला नाही, गावाकडच्या आईला येत असतील. ‘मग हा गुन्हा आमच्याकडे कसा?’ हे तोंडावर आलेलं गिळा आणि लिहून घ्या. खातरजमा म्हणून त्याच्याच वकिलातीला फोन लावू नका. दुभाषा लागला तरी तिथून मागवू नका. शाळेतले इंग्रजीचे मास्तर चालतील.